मदतीचा पत्ता बाईपर्यंत पोचवायचा कसा? आपल्या खान्देशातल्या गावांसाठी

आधी माझ्या हातून काय चूक झाली ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं का लिहिलंय ते कळेल.

आठ-नऊ वर्षं झाली असतील, आमच्या बचत गटाने ८ मार्चला गावात कार्यक्रम ठेवला होता, गाव चोपडा तालुक्यातलं. मंडप टाकला, माईक लावला, बाया याव्यात म्हणून हळदीकुंकू पण ठेवलं. आणि मी माईकवर बोलता बोलता विचारून बसले, की कोणाकोणाला घरी मारहाण होते, हात वर करा, लाजू नका. दीडशे बाया होत्या, एक हात वर नाही. मागच्या रांगेत एक नवी सून होती, तिचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि तिने तो तसाच डोक्यावर नेऊन पदर सारखा केला. शेजारी तिची सासू बसलेली. मी पाह्यलं, सासूनं पण पाह्यलं. चार दिवसांनी ती मला दळणाच्या चक्कीवर भेटली, ओठ सुजलेला होता. मला वाटलं आता ही माझ्याशी बोलणार नाही. पण तीच म्हणे, "ताई, तुम्ही विचारलं ते चांगलंच केलं, पण चारचौघात कुठे विचारलं."

तेव्हापासून मी जनजागृती या शब्दाचा अर्थ बदलून टाकला. "हिंसा वाईट आहे" हे कोणालाच नव्याने सांगायचं नाहीये, मार खाणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. तिला सांगायचंय की मदत कुठे मिळते, तिथे गेल्यावर काय होतं, आणि सोबत कोण येईल. आणि हे तिला कळलं हे तिच्या घरात कळता कामा नये. या दोन गोष्टी सांभाळल्या तर मंडप नसला तरी चालतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायांपैकी साधारण २९ टक्के बायांनी सांगितलं की नवऱ्याकडून हिंसा झालीये. त्याहून जास्त मला लागलेला आकडा म्हणजे, मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायांपैकी फक्त १४ टक्के बायांनी कोणाकडे तरी मदत मागितली, ७७ टक्के बायांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलं पण नाही. सख्ख्या बहिणीला सुद्धा नाही. आपलं काम या ७७ साठी आहे.

पहिले स्वतः फोन लावून पाहा

नंबर छापायच्या आधी स्वतः लावून पाहायचा. मी दरवेळी लावते, आणि सरळ सांगते की मी गावात माहिती देणार आहे, जिल्ह्यातल्या सखी सेंटरचा, म्हणजे बायांच्या सरकारी मदत केंद्राचा, पत्ता द्या. तुम्हाला कळतं की फोन उचलतात का, मराठीत बोलतात का, काय काय विचारतात, आणि मग बाईला सांगताना तुमचा आवाज वेगळा येतो कारण तुम्ही करून पाह्यलेलं असतं.

१८१ ही महिला हेल्पलाईन, दिवस-रात्र चालू, पैसे लागत नाहीत. आत्ताच्या आत्ता जीवाला धोका असेल, कोणी कुऱ्हाड घेऊन उभा असेल, तर १८१ नाही, थेट ११२, म्हणजे पोलीस. लहान लेकरांच्या त्रासासाठी १०९८. आणि फुकट वकील पाहिजे असेल तर १५१००. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातच आहे, पण आपल्याकडे अजून बायांना वाटतं की वकील म्हणजे कपाशीचे सगळे पैसे गेले.

सगळे नंबर मात्र चिठ्ठीवर टाकायचे नाहीत. चार नंबर दिले की एकही लक्षात राहत नाही, मी अनुभवाने सांगते. चिठ्ठीवर दोनच, १८१ आणि ११२. बाकीचे तुम्ही स्वतःजवळ ठेवा. १८१ लक्षात ठेवायची एक सोपी खूण आहे, इकडून वाचा का तिकडून वाचा, तोच आकडा. ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही तिला पण मी बोटावर शिकवते, एक, आठ, एक, आणि फोनच्या बटणांवर कुठे येतात ते दाखवते.

मग सखी वन स्टॉप सेंटर. ही योजना २०१५ पासूनची, आता जिल्ह्या-जिल्ह्यात सेंटर आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे, पत्ता १८१ वरच विचारून घ्या. तिथे दवाखान्याची मदत, पोलिसांकडे तक्रार, वकिलाचा सल्ला, समुपदेशन आणि साधारण पाच दिवस राहायची सोय, हे एका जागी मिळतं. त्याहून जास्त दिवस राहायचं असेल तर शक्ती सदनात पाठवतात. तुम्ही एकदा स्वतः जाऊन या. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, दोघी-तिघींनी मिळून जा, दरवाजा कुठल्या बाजूला आहे, बाहेर पाटी आहे का, स्टँडवरून रिक्षा किती घेते, हे पाहून या. घाबरलेल्या बाईला "जिल्ह्याला एक सेंटर आहे" असं सांगून उपयोग नाही, तिला "स्टँडच्या बाहेर निघालं की अमुक दुकानाच्या पुढे डाव्या हाताला" असं सांगावं लागतं.

तिसरं म्हणजे संरक्षण अधिकारी. नाव ऐकून पोलीस वाटतात पण हे महिला व बालविकास खात्याचे असतात, बाईची हकिगत लिहून घेऊन कोर्टापर्यंत नेण्याचं काम त्यांचं. तुमच्या तालुक्याला कोण आहे ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा आणि नाव-नंबर वहीत लिहून ठेवा, बदली होत राहते म्हणून सहा महिन्यांनी परत विचारा.

कायदा किती सांगायचा

थोडाच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. कलमं पाठ करून सांगू नका, बायांच्या डोक्यात ज्या भित्या बसलेल्या असतात तेवढ्याच काढा.

सगळ्यात मोठी भीती, "तक्रार केली की संसार मोडला". तर या कायद्यात घटस्फोट घ्यायची काही गरज नाही, नवरा लगेच जेलात पण जात नाही. बाई त्याच घरात राहून कोर्टाकडून आदेश मागू शकते, की याने मला हात लावायचा नाही, घरातून काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, लेकरं माझ्याजवळ राहू द्यायची. त्यातला संरक्षणाचा आदेश त्याने मोडला तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकल्यावर कितीतरी बायांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाह्यलाय, कारण त्यांना नवरा नको असतो असं नाही, मार नको असतो. आणि जिला फौजदारी गुन्हाच दाखल करायचाय तिला तो रस्ता आहेच, पूर्वी ज्याला सगळे ४९८-अ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

दुसरी भीती, "घर त्याच्या बापाचं, माझ्या नावावर काय आहे". नावावर काही नसलं तरी संसार केलेल्या घरात राहायचा हक्क तिला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते संसाराचं घर धरता येतं असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय.

तिसरी गोष्ट भीती नाही, गैरसमज आहे, की हिंसा म्हणजे हाणमार. कायद्यात शिव्या-टोमणे, अंथरुणातली जबरदस्ती आणि पैशाची अडवणूक हे सगळं हिंसेत येतं. पैशाचं उदाहरण आता सगळ्यांना एका वाक्यात कळतं. लाडक्या बहिणीचे १५०० खात्यात आले की त्याच दिवशी नवरा बाईला मोटारसायकलवर बसवून एटीएमला नेतो आणि पैसे स्वतःच्या खिशात टाकतो, हे तुमच्या गल्लीत होतं का? मी एवढंच विचारते आणि गप्प बसते, बाया एकमेकींकडे पाहायला लागतात.

हो आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. पोराकडून मार खाणारी म्हातारी आई, भावाच्या घरात राहणारी विधवा किंवा सोडलेली बहीण, लग्न न करता सोबत राहणारी बाई, सगळ्या येतात. आमच्याकडे म्हाताऱ्या आयांचं प्रकरण बायकांपेक्षा जास्त लपवलं जातं.

एक गोष्ट खरी सांगून टाका. कायद्यात लिहिलंय की अर्ज केल्यावर साधारण तीन दिवसात पहिली तारीख आणि ६० दिवसात निकालाचा प्रयत्न, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई तिसऱ्या तारखेला खचते आणि मग तुमच्यावरचा पण तिचा विश्वास जातो.

नंबर कुठे लावायचा

इथे माझा सगळ्यात जास्त जीव आहे, कारण इथेच बहुतेक मोहिमा वाया जातात. मोठा फ्लेक्स चौकात लागतो, पारावर पुरुष बसलेले असतात, कोणती बाई तिथे थांबून नंबर वाचणार? तिला तिथून मान खाली घालूनच जायची सवय लावलीये.

बाई एकटी किंवा फक्त बायांमध्ये कुठे असते ते आधी वहीत लिहा. आमच्या गावात मी लिहिलं तेव्हा यादी अशी झाली, दळणाची चक्की, ब्लाउज शिवणारीचं घर, बांगड्यावाल्या कासाराचं दुकान (तिथे सासू पण असते, पण हात पुढे करून बसलेली बाई कासारणीशी हळू बोलू शकते), अंगणवाडी, लसीकरणाचा दिवस, सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते तो दिवस, आणि शेतात कापूस वेचणी. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत बायांच्या वेगळ्या टोळ्या असतात का ते तिकडच्यांनी पाहावं. एसटी स्टँडच्या आणि दवाखान्याच्या बायांच्या मुतारीत, दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर डोळ्यासमोर येईल असा कागद लावा. ही सगळ्यात चांगली जागा आहे, कडी आतून लागलेली असते, कोणी बघत नाही.

चक्कीचं मी सांगते कसं केलं. एका ए-फोर कागदाच्या चार उभ्या चार आडव्या अशा १६ चिठ्ठ्या होतात. झेरॉक्स काढून कात्रीने कापल्या, खेळायच्या पत्त्यापेक्षा लहान. चिठ्ठीवर बाईचं रडणारं चित्र नाही, मूठ नाही, लाल रंग नाही, कारण कोणाच्या हाती लागली तर लगेच ओळखू येते. एका बाजूला दळणाचा हिशोब लिहायला रिकामी जागा, गहू, दादर, कळणा असं छापलेलं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात "१८१ बायांसाठी, दिवस-रात्र, फुकट. जीवाला धोका असेल तर ११२." बस. चक्कीवाल्या काकू पिठाच्या डब्यावर झाकणासोबत चिठ्ठी ठेवून देतात, सगळ्यांच्याच डब्यावर, म्हणजे कोणा एकीला दिली असं होत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, सगळ्यांना द्यायची. जिला गरज वाटते तिलाच दिली की तिच्यावर शिक्का बसतो.

भिंतीवर लिहायचं असेल तर पाण्याच्या टाकीची किंवा अंगणवाडीची भिंत, ग्रामपंचायतीला विचारून. आणि मजकूर घोषणेचा नको, कामाचा पाहिजे. आमचा असा आहे:

"घरात मारतात? उपाशी ठेवतात? पैसे हिसकतात? घराबाहेर काढतात? १८१ ला फोन करा. फोन दुसऱ्या कोणी केला तरी चालतो."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. कायद्याने कोणीही, शेजारी, शिक्षक, आशाताई, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही जबाबदारी येत नाही. आपल्याकडे लोक "दुसऱ्याच्या घरात कोण पडेल" म्हणून गप्प बसतात, त्यातले निम्मे फक्त कोर्टकचेरीला घाबरून.

खाली अहिराणीत एक ओळ टाकली, "बोल वं बहीण, तू एकटी नई शे." खरं सांगते, बायांनी फोटो काढले ते त्या ओळीचे. चौकशी करून जिथली बोली तिथे वापरा, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी, भिली. जिला पुस्तकी मराठी परकी वाटते तिला "कौटुंबिक हिंसाचार" हा शब्दच कळत नाही, "नवरा मारस का?" हे कळतं.

आखाजी

वर्षभरात एकच वेळ निवडायची असेल तर मी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, निवडीन. ८ मार्च नाही, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरचे बायांवरच्या हिंसेविरुद्ध जगभर पाळतात ते सोळा दिवस पण नाही, तेव्हा आपल्याकडे बाया वेचणीत असतात. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गौराई असते, दोन-चार दिवस त्या सासरच्या नजरेबाहेर असतात. बोलायला याच्यासारखी वेळ नाही.

म्हणून आखाजीच्या पंधरा दिवस आधी आम्ही आयांशी बोलतो, पोरींशी नंतर. आयांना सांगतो की पोरगी आली की पहिल्या दिवशी काही विचारू नका, तिला जेवू द्या, झोपू द्या. नंतर पाहा. वैशाखात आपल्याकडे पारा ४४ ला जातो आणि पोरगी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून बसलीये, आंघोळीला आई-बहिणीसमोर पाठ उघडी करत नाही, फोन वाजला की झोक्यावरून उडी टाकून पळते, गळ्यातलं मोडलं असं सांगते पण कुठे ते सांगत नाही. यातल्या एका गोष्टीने काही सिद्ध होत नाही, पण एकट्यात बसून विचारायला तेवढं पुरे.

आणि विचारायचं कसं? "सुखी आहेस ना गं?" असं विचारलं की उत्तर "हो" च येतं, त्या प्रश्नातच उत्तर आहे. आम्ही आयांना हे शिकवतो, "तुझ्यावर हात उचलतो का? खरं सांग, मी तुझ्या बापाला तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही." दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठं आहे, कारण पोरगी बापाच्या छातीचा, भावाच्या रागाचा, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा विचार करून गप्प असते.

सगळ्यात अवघड हे, की आईने "थोडं सोसून घे, लेकरं झाली की सुधरतो" म्हणायचं नाही. आमच्या आयांनी आम्हाला तेच सांगितलं, त्यांच्या आयांनी त्यांना. त्याच्या जागी म्हणायला काहीतरी दिलं पाहिजे, नाहीतर जुनंच तोंडात येतं. आम्ही देतो ते वाक्य असं, "माय, हे दार तुझं आहे, रात्री दोनला आली तरी." एका आजीने ते ऐकून सगळ्यांसमोर डोळ्याला पदर लावला आणि म्हणे, हे मला कोणी म्हटलं असतं तर.

भाऊबीजेला हेच भावांशी बोलता येतं, ओवाळणीत साडी दे पण चिठ्ठी पण दे आणि तुझा फोन रात्री बंद ठेवू नको. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला पण घरं भरलेली असतात, पण तेव्हा सासर-माहेरची सगळी भाऊबंदकी एकत्र असते, तेव्हा बोलायला जाऊ नका.

जिला कोणी येऊन सांगेल तिची तयारी

नंबर पोचला तरी बहुतेक बाया आधी फोन नाही करत, ओळखीच्या एका बाईला सांगतात. म्हणून गावात निदान चार-पाच जणी तयार पाहिजेत, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची एक-दोन, आणि शक्य असेल तर पोलीस पाटील, पण तो माणूस कसा आहे ते पाहून.

त्यांना शिकवायचं ते थोडक्यात हे. मध्ये बोलू नका. "तू काय केलं होतंस?" हे विचारू नका, कधीच नाही. "सोडून दे त्याला" पण म्हणू नका, ती सोडेल का राहील ते ती ठरवेल, आणि घर सोडते त्या दिवसांतच मारणारा जास्त चवताळतो म्हणून घाईने बाहेर काढणं धोक्याचं असतं. तिच्या नवऱ्याला समजवायला परस्पर जाऊ नका, तुम्ही निघून आल्यावर दार बंद होतं आणि आत ती असते. विचारा, "आज रात्री घरी जायला भीती वाटते का?" हो म्हणाली तर तेव्हाच ठरवायचं, नाही म्हणाली तर पुढच्या वेळी कुठे भेटायचं ते ठरवायचं.

फोन कोणाचा वापरायचा ते पण. पुष्कळ घरात फोन नवऱ्याचा असतो किंवा तो रोज तपासतो. आशाताईच्या फोनवरून लावा. स्वतःच्या फोनवरून लावला तर कॉलच्या यादीतून नंबर काढून टाकायला शिकवा.

एक पिशवी असते, तिच्याबद्दल सांगा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, लग्नाची पत्रिका नि फोटो, दवाखान्याचे कागद, दागिन्यांच्या पावत्या, दोनेकशे रुपये. मूळ कागद हलवले तर घरात कळतं, म्हणून झेरॉक्स, आणि पिशवी स्वतःच्या घरात नाही, विश्वासाच्या बाईकडे. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात "पायरीवरून पडले" सांगायचं नाही, खरं सांगायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं, तोच कागद उद्या कोर्टात बोलतो.

आणि सोबत जाणारी बाई आधीच ठरलेली पाहिजे. सेंटरला किंवा ठाण्यात एकटी गेलेली बाई अर्ध्या वाटेतून परत येते, मी दोनदा पाह्यलंय. ज्या गावात सोबत जायला कोणी तयार नाही त्या गावात मी चिठ्ठ्या वाटायची घाई करत नाही.

ग्रामसभा आणि पुरुष मंडळी

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे, बऱ्याच गावात ती फक्त रजिस्टरवर होते. सरपंचबाईंना, ग्रामसेवकांना सांगून ती खरी घ्यायला लावा आणि तिथे ठराव मांडा. "गाव हिंसामुक्त करू" असला ठराव नको, त्याने काही होत नाही. ठराव असा, की पंचायतीच्या भिंतीवर १८१ आणि ११२ लिहायचं, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला वर्षातून एकदा गावात बोलवायचं, आणि रात्री-बेरात्री बाईला जिल्ह्याला न्यायला गाडीचा खर्च कुठून करायचा ते ठरवायचं. ठरावाची ताकद कमी समजू नका, २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कोणी म्हटलं की हे पंचायतीचं काम आहे का, तर सांगा की या कायद्याची प्रसिद्धी करणं ही कलम ११ प्रमाणे सरकारचीच जबाबदारी आहे, आपण त्यात हात लावतोय.

पुरुषांशी बोलायला पुरुष पाहिजे. गावात एखादे आप्पा, नाना, जिभाऊ असतात ज्यांचा शब्द पडू देत नाहीत, शिक्षक असतात, वारकरी असतात, त्यांना धरा. त्यांनी भाषण नाही द्यायचं, एकच गोष्ट करायची, शेजारून आवाज आला की जाऊन कडी वाजवायची. २००८ मध्ये "बेल बजाओ" नावाची मोहीम देशभर गाजली होती, तिच्यात एवढंच होतं, मारहाणीचा आवाज आला की दाराची बेल वाजवा. आपल्याकडे बेल नाही, कडी आहे. "भाऊ, विळा आहे का?" "मोटार चालू करायची वेळ झाली का?" काहीही विचारा. तेवढ्या दोन मिनिटांत उगारलेला हात खाली येतो. आतून शस्त्राचा, जाळण्याचा आवाज-वास असेल तर कडी नाही, लांब होऊन ११२.

पुरुष लगेच दारूवर येतात, "पितो म्हणून मारतो". दारूचा प्रश्न खरा आहे आणि आपल्या भागाला त्याचा इतिहास पण आहे, १९७० च्या दशकात शहाद्याकडे, तेव्हा तो धुळे जिल्हाच होता, भिल्ल आदिवासी बायांनी श्रमिक संघटनेच्या चळवळीतून दारूचे अड्डे फोडले आणि बायकोला मारणाऱ्यांना गावासमोर जाब विचारला. शेतमजुरी करणाऱ्या, न शिकलेल्या बाया होत्या त्या. पण दारू न पिता मारणारे पण मला माहीत आहेत, आणि पिऊन सुद्धा सरपंचाला किंवा मालकाला कोणी मारत नाही, घरी येऊनच मारतो. एवढं बोललं की चर्चा दारूवरून माणसावर येते.

सातपुड्याकडे आणि बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी

धडगाव, अक्कलकुवा भागात काही पाड्यांवर रेंज नसते, तिथे नंबर देऊन भागत नाही, माणूस द्यावा लागतो, कोणत्या पाड्यावर कोणती बाई आणि बाजाराच्या दिवशी ती कुठे बसते. आठवडे बाजार हीच तिथली भेटायची जागा. ऊसतोडीला, सुरत-बारडोलीकडे कामाला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात, त्यांच्याशी बोलायचं ते निघायच्या आधी. आणि त्यांना हे नक्की सांगा की गुजरातमध्ये पण बायांच्या मदतीचा नंबर १८१ च आहे, तिकडे अभयम म्हणतात. परक्या राज्यात, परक्या शेतात, खोपीत मार खाणारी बाई सगळ्यात एकटी असते.

मोबाईलवर काय करायचं नाही

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "ज्यांना त्रास असेल त्यांनी मला मेसेज करा" असं टाकू नका, त्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नवरे आहेत. कोणाच्या जखमांचा फोटो, मारहाणीचा व्हिडिओ पुढे पाठवू नका, "न्याय मिळाला पाहिजे" लिहून पण नाही, ती क्लिप तिची लेकरं पाहतात. मीटिंगचे फोटो पाठीमागून काढा किंवा काढूच नका. नाव बदलून गोष्ट सांगितली तरी गाव, जात, नवऱ्याचा धंदा सांगितला की गावाला कळतं कोण ते, म्हणून मी वर सांगितलेल्या बाईंच्या गोष्टीत पण ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही आणि त्यांना विचारूनच लिहिलंय.

पोचलं का नाही ते कसं कळणार

किती बाया आल्या, किती पेपरात बातमी आली, हे मोजू नका. महिन्याने चक्कीवर उभं राहा आणि दहा जणींना सहज विचारा, "रात्री कोणी घराबाहेर काढलं तर कुठे फोन करायचा, माहीत आहे का?" पहिल्या वर्षी आमच्याकडे दहातल्या दोघींना माहीत होतं, त्यातली एक आशाताईच होती. नंतर सहा, मग आठ. ज्या दोन राहिल्या त्या कोण, कोणत्या गल्लीतल्या, त्या चक्कीवर स्वतः येतात का कोणाला पाठवतात, ते पाहायचं, कारण जिला घराबाहेरच पडू देत नाहीत तिच्यापर्यंत चिठ्ठी जात नाही, तिच्याकडे लसीकरणाच्या निमित्ताने आशाताईलाच जावं लागतं.

मागच्या आठवड्यात चक्कीवाल्या काकूंचा फोन आला, चिठ्ठ्या संपल्या म्हणे, आणि काही बाया एक सोडून दोन-दोन घेऊन जातायत, एक बहिणीला पाठवायला. दोन कागद कापून बत्तीस देऊन आले.